बोलण्याच्या चकत्या

साठचं दशक सरताना न्यूयॉर्कमध्ये ‘द फेमिनिस्ट्स’ नावाचा एक लहानसा गट होता. त्याच्या बैठकीत प्रत्येकीला सारख्याच चकत्या मिळत. एकदा बोललं की एक चकती टाकायची. सगळ्या संपल्या की उरलेला वेळ ऐकत बसायचं. पहिल्यांदा पाव तासातच बहुतेकींचे हात रिकामे झाले आणि पुढच्या बैठकीत सगळ्याजणी चकत्या जपत गप्प बसल्या, असा किस्सा सांगतात. किस्सा गमतीचा असला तरी त्यामागचं दुखणं खरं होतं. अध्यक्ष नको, सगळ्या बरोबरीच्या, असं ठरवूनही बोलणाऱ्या ठरावीकच का असतात?

चकतीच्या आधी पाळीपाळीनं बोलणं आलं. १९६७ मध्ये शुलामिथ फायरस्टोन आणि पॅम ॲलन यांनी ‘न्यूयॉर्क रॅडिकल विमेन’ हा गट सुरू केला. त्यात येणाऱ्या अनेकजणी नागरी हक्कांच्या आणि युद्धविरोधी चळवळीत मुरलेल्या होत्या. तिथे भाषणं आणि निर्णय पुरुषांकडे, टायपिंग आणि कॉफी बायकांकडे, ही वाटणी त्यांनी पुरेपूर अनुभवली होती. म्हणून इथे व्यासपीठच ठेवलं नाही. एक प्रश्न घ्यायचा आणि खोलीत बसलेल्या प्रत्येकीनं आपापल्या आयुष्यातून त्याचं उत्तर द्यायचं. पुस्तकातलं नाही, स्वतःचं.

ही रीत आकाशातून पडली नव्हती. गटातल्या कॅथी साराचाइल्ड आणि कॅरल हॅनिश यांनी मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम केलं होतं. ‘जे आहे ते तसंच सांग’ हा त्या चळवळीतला परवलीचा बोल. दुसरा धागा चीनमधला. तिथल्या खेड्यांत जमीन सुधारणांच्या काळात शेतकरी भर सभेत आपली दुःखं सांगत. विल्यम हिंटनच्या ‘फानशेन’ या १९६६ च्या पुस्तकामुळे ते अमेरिकेत ठाऊक झालं होतं. नोव्हेंबर १९६८ मध्ये शिकागोजवळच्या परिषदेत साराचाइल्डनं या पद्धतीचा आराखडा मांडला आणि ‘कॉन्शसनेस रेझिंग’ (जाणीव जागवणं) हे नाव देशभर पसरलं.

अशा बैठकीतून निव्वळ मन मोकळं होतं, असा आक्षेप तेव्हाही होता. त्याला उत्तर ७ सप्टेंबर १९६८ रोजीच मिळालं होतं. अटलांटिक सिटीत ‘मिस अमेरिका’ स्पर्धेबाहेर झालेली गाजलेली निदर्शनं अशाच एका बैठकीतून निघाली. सौंदर्यस्पर्धा पाहताना आपल्याला काय वाटत आलं, हे एकेकीनं सांगितलं आणि कार्यक्रम ठरला.

पण अनुभव पाळीनं सांगता येतात, कामं कशी वाटायची? हा प्रश्न टी-ग्रेस ॲटकिन्सननं धसाला लावला. कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकणारी ही बाई ‘नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन’च्या न्यूयॉर्क शाखेची अध्यक्ष होती. पदाधिकारी निवडून आणण्याऐवजी चिठ्ठ्या टाकून ठरवावेत, असा प्रस्ताव आला. प्राचीन अथेन्समध्ये बहुतेक पदं अशीच भरली जात. शाखेनं तो प्रस्ताव फेटाळला. १७ ऑक्टोबर १९६८ रोजी ॲटकिन्सन बाहेर पडली आणि त्याच तारखेचं नाव घेऊन नवा गट उभा राहिला. तोच पुढे ‘द फेमिनिस्ट्स’.

इथे कामांच्या दोन याद्या झाल्या: लेखन-भाषणासारखी मानाची आणि पाकिटं चिकटवण्यासारखी कंटाळवाणी. दोन्हींसाठी चिठ्ठ्या. जिला लिहिता येतं तिनंच नेहमी लिहायचं नाही. जिला येत नाही तिनं लिहून शिकायचं. बोलण्यासाठी चकत्या निघाल्या त्या याच हिशोबातून. पण वर्तमानपत्रांना ॲटकिन्सनच हवी असे. १९७० मध्ये पत्रकारांशी कुणी बोलायचं हेसुद्धा चिठ्ठीनं ठरवायचं असा निर्णय झाला आणि चिठ्ठीचा आग्रह धरणारी ॲटकिन्सनच गट सोडून गेली.

त्याच वर्षी मे महिन्यात याच चळवळीतल्या जो फ्रीमननं मिसिसिपीत एक भाषण दिलं, ते पुढे ‘द टिरनी ऑफ स्ट्रक्चरलेसनेस’ (रचनाहीनतेची जुलूमशाही) या नावानं गाजलं. रचनाच नको म्हणणाऱ्या गटातही रचना असतेच, असं तिचं म्हणणं. ती मैत्रिणींच्या कोंडाळ्यात असते, अलिखित असते; म्हणून नव्या बाईला ती कळत नाही आणि जुनीला जाब विचारता येत नाही. तिनं सुचवलेले उपाय साधे होते: ठरावीक काम ठरावीक बाईला सर्वांनी मिळून सोपवायचं, तिनं गटाला उत्तर द्यायचं, अधिकार अनेकींत वाटायचे, जबाबदाऱ्या फिरत्या ठेवायच्या, माहिती आणि साधनं सगळ्यांच्या हाती द्यायची. तिच्या यादीत योग्यतेलाही जागा होती. म्हणजे काम नुसतं नशिबावर सोडायचं नाही. पाळी आणि चिठ्ठी शोधणाऱ्यांनी नेतृत्वच नाहीसं करू पाहिलं. फ्रीमननं ते राहणार हे गृहीत धरलं आणि ते उघड्यावर आणून परत मागून घेण्याची सोय केली.