चढणीचे मासे आणि नदीतला शिंपला

गोड्या पाण्यातल्या शिंपल्याला प्रवाहाविरुद्ध वर चढता येत नाही. त्याला एकच मांसल पाय असतो आणि त्याच्या जोरावर तो गाळात थोडाफार सरकतो, इतकेच. तरीही कृष्णा खोऱ्यातल्या नद्यांत शिंपल्यांची वस्ती वरच्या अंगापर्यंत पोचली आहे. शिंपल्याला वर नेणारा वाहक म्हणजे मासा. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी आले की अंडी घालायला वरच्या ओढ्यांकडे निघणाऱ्या माशांना 'चढणीचे मासे' म्हणतात. अशा माशांच्या कल्ल्यांना आणि परांना चिकटून शिंपल्याची पिल्ले प्रवास करतात. चंदगड तालुक्यातल्या घटप्रभा आणि ताम्रपर्णी या नद्यांचा इतिहास धरणे, बंधारे आणि उसाच्या अंगाने अनेकदा लिहिला जातो. शिंपला आणि मासा यांच्या या जुन्या व्यवहाराची नोंद मात्र त्यात सापडत नाही.

हा व्यवहार माणसाहून फार जुना आहे. दख्खनचे पठार घडवणाऱ्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या तळ्यांचा गाळ काही ठिकाणी दबून राहिला. पठाराच्या पूर्व भागातल्या अशा गाळात मिळालेल्या शिंपल्याच्या जीवाश्माला सोवर्बी यांनी 1840 मध्ये 'युनिओ डेक्कनेन्सिस' हे नाव दिले. घराघरांतही शिंपल्याची ओळख जुनीच. पाठ दगडावर घासून भोक पाडलेल्या शिंपल्याने कैरी सोलली जाई आणि तान्ह्या बाळाला शिंपीने दूध पाजले जाई. पण शिंपला जन्मतो कसा, हा प्रश्न या वापरात कधी उभा राहिला नाही.

युरोपात तो प्रश्न उभा राहिला आणि दीडशेहून अधिक वर्षे लोंबकळला. 1695 मध्ये डच सूक्ष्मदर्शककार लेवेनहुक यांनी शिंपल्याच्या कल्ल्यांत बारीक दुकप्पी जीव पाहिले आणि ती शिंपल्याचीच पिल्ले आहेत असे ओळखले. ते बरोबर होते. मात्र 1797 मध्ये राटके यांनी तेच जीव शिंपल्याला लागलेले वेगळे परजीवी ठरवले आणि त्यांना 'ग्लोकिडियम पॅरासिटिकम' म्हटले. 1828 च्या सुमारास याकोबसन यांनीही हाच पक्ष उचलून धरला. 1832 मध्ये कारूस यांच्या निरीक्षणांनी पारडे पुन्हा पिल्लांच्या बाजूला झुकवले. अखेर 1866 मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ लायडिख यांना हे जीव माशांच्या अंगात रुतलेले आढळले, तेव्हा कोडे सुटले. ते परजीवी होतेच, पण शिंपल्याचे नव्हे, माशाचे. ग्लोकिडियम हे चुकीच्या समजातून आलेले नाव तेवढे कायम राहिले.

ग्लोकिडियम या पिल्लाच्या अवस्थेची रचना नेमकी एका कामासाठी आहे. मादी आपल्या कल्ल्यांमध्ये फलित अंडी वाढवते आणि तयार झालेले हजारो, काही जातींत लाखो, ग्लोकिडियम पाण्यात सोडते. प्रत्येकाचा आकार अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. दोन कप्पे, त्यांना ओढणारा एक स्नायू आणि स्पर्श ओळखणारे केस, एवढेच त्याचे भांडवल. माशाच्या कल्ल्याचा किंवा पराचा स्पर्श होताच कप्पे चिमट्यासारखे मिटतात. ज्या जातींच्या कप्प्यांना आकडे असतात त्या बहुधा पर आणि त्वचा पकडतात, बिनआकड्याच्या बहुधा कल्ले. माशाची त्वचा काही तासांतच त्यावर वाढते आणि एक पुटी तयार होते. पाण्याच्या तापमानानुसार काही दिवस ते काही आठवडे आत राहून ग्लोकिडियमचा छोटा शिंपला बनतो, पुटी फोडतो आणि तळाशी पडतो. युरोपातला मोत्याचा शिंपला सामन आणि ट्राउट माशांच्या कल्ल्यांत महिनोन् महिने राहतो. योग्य मासा न भेटल्यास ग्लोकिडियम काही दिवसांत मरतो. चुकीच्या माशावर बसला तर माशाचे शरीर त्याला झटकून टाकते, आणि वारंवार लागण झालेला योग्य मासाही हळूहळू प्रतिकार शिकतो. लागण हलकी असेल तर माशाचे फारसे बिघडत नाही.

या ज्ञानाला बाजारभाव आला तो अमेरिकेत. 1891 मध्ये बोएप्ल या जर्मन कारागिराने मिसिसिपीकाठच्या मस्कटीन गावी शिंपल्यांपासून गुंड्या बनवण्याचा कारखाना काढला आणि काही वर्षांतच नदीतले शिंपले आटू लागले. लफेव्हर आणि कर्टिस या प्राध्यापकांनी मग टाक्यांमध्ये माशांना मुद्दाम लागण करून ते नदीत सोडण्याची पद्धत बसवली. शिंपला वाचवायचा तर आधी त्याचा मासा ठाऊक हवा, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले.

भारतात शिंपल्यांना नावे मिळाली, पण त्यांचे मासे शोधण्याचे काम मागे पडले. आज 'पॅरेसिया कॉरुगाटा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीचे वर्णन म्यूलर यांनी 1774 मध्ये केले होते, तर 'लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस'चे लामार्क यांनी 1819 मध्ये. या दोन्ही जाती देशभर पसरलेल्या आहेत. प्रेस्टन यांचा गोड्या पाण्यातल्या मृदुकायांवरचा ग्रंथ 1915 चा. भारतीय शिंपल्यांच्या ग्लोकिडियमवर बैनी प्रशाद यांनी 1918 मध्ये लिहिले. माशांची बाजू याहून आधी उजेडात आली होती. कर्नल साइक्स यांनी 1839 च्या सुमारास दख्खनच्या माशांची वर्णने छापली आणि त्यांतल्या अनेक जातींच्या शास्त्रीय नावांत स्थानिक मराठी नावे घातली. ही दोन टिपणे एकमेकांना जोडण्याचे काम मात्र थोड्याच जातींपुरते झाले. मोतीसंवर्धनासाठी भारतात जो शिंपला वापरतात, तोही अजून मुख्यतः नैसर्गिक जलाशयांतूनच गोळा केला जातो.

चंदगडसाठी ही जोडणी महत्त्वाची आहे. तालुक्याचे बहुतेक पाणी घटप्रभेतून कृष्णेला जाते, पण पश्चिम कडेचे तिळारीतून अरबी समुद्राला. मधला डोंगर मासा ओलांडत नाही, त्यामुळे शिंपलाही ओलांडत नाही. पूर्वेला गोकाकला घटप्रभा सुमारे 52 मीटर खाली कोसळते आणि तिथून वर चढणे माशाला अशक्य आहे. गोकाकच्या वरच्या खोऱ्यातले मासे आणि शिंपले म्हणूनच एकमेकांच्या भरवशावर आहेत. त्यातच हिडकल आणि तालुक्यातल्या लहान-मोठ्या धरणांनी नद्यांचे तुकडे केले. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा यातला सौम्य अडथळा म्हणावा लागेल. पावसाळ्यात त्याचे बरगे काढलेले असतात, म्हणजे चढणीच्या वेळी काही वाट मोकळी राहते. पक्क्या धरणात ती सोय नाही. चढणीच्या माशांच्या बेसुमार शिकारीचा फटकाही शिंपल्याला बसतो, कारण अंड्यांनी भरलेल्या माशाबरोबर त्याच्या कल्ल्यांतली पिल्लेही जातात.

जुन्या नोंदी शोधणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होते, त्यामुळे ब्रिटिशकालीन माहिती 1884 च्या बेळगाव गॅझेटियरसारख्या ग्रंथांत पाहावी लागते. नव्या नोंदींना तर अजून भरपूर वाव आहे. घटप्रभेलाच मिळणाऱ्या हिरण्यकेशीच्या उगमाशी, आंबोलीत, एक मासा 2020 मध्ये शास्त्राला नव्याने कळला आणि 2021 मध्ये त्या जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. शिंपल्यांच्या पोशिंद्या माशांची यादी करायला महाविद्यालयातला साधा सूक्ष्मदर्शकही पुरेल. चंदगड, आजरा, गडहिंग्लज भागातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी बाजारात आलेल्या नदीच्या माशांचे कल्ले तपासून, जात, गाव आणि तारीख लिहून ठेवायला सुरुवात करावी.