एका संसाराची उपासना

शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाड या टापूत आपली कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत. कोणी साखर कारखान्यात पाळीवर जातो, कोणी मिरजेच्या रुग्णालयात रात्रपाळी करते, मुले महाविद्यालयाच्या परीक्षांत गुंतलेली असतात. घरभेटीला गेलेल्या धर्मगुरूला बहुतेक ठिकाणी एक खंत ऐकू येते : "फादर, प्रपंचातून देवासाठी वेळच उरत नाही." तिच्या पाठोपाठ दुसरी खंत येते, ती अधिक दबक्या आवाजात : "घरातले सगळे एका श्रद्धेने चालत नाहीत. मुलगा मिस्साला येत नाही. सुनेचे मन अजून माहेरच्या देवघरात आहे. काय करावे?" या प्रश्नांना धर्मशास्त्रातून उत्तर देता येईल, परंतु आपल्याच मराठी मातीत घडलेल्या एका संसाराचा इतिहास ते उत्तर अधिक जवळून देतो. तो संसार नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचा.

हे दांपत्य कॅथलिक नव्हते. अमेरिकन मराठी मिशनच्या प्रोटेस्टंट परंपरेतले होते. म्हणून आपण त्यांना परके मानण्याचे कारण नाही. १८५२ साली रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले, १८९४ साली डॉ. वानलेस यांचे मिरजेतील रुग्णालय सुरू झाले. आपल्या परिसरातील ख्रिस्ती जीवनाचा मोठा भाग या प्रोटेस्टंट बंधूंच्या श्रमांतून उभा राहिला आहे. कॅथलिक मंडळीबाहेरील ख्रिस्ती बांधवांच्या जीवनातील ख्रिस्ताचे धन आपण आनंदाने ओळखावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली सांगितलेच आहे.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या आणि १८८० साली, खेळण्याच्या वयात, टिळकांच्या घरी आल्या. पती बुद्धिमान, कवी, संस्कृतज्ञ आणि कमालीचे अस्थिर. पत्नी शाळेचे तोंडही न पाहिलेली, सोवळ्यात वाढलेली. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेल्या नव्या कराराने टिळकांच्या मनाला वेगळी दिशा लागली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या घटनेचे वर्णन करताना आपण सहसा टिळकांनी मोजलेली किंमत सांगतो. जात गेली, आप्त तुटले. हे खरेच आहे. परंतु दुसरी एक किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली आणि ती त्यांना न विचारताच त्यांच्या पदरात पडली. पत्नीच्या मनाची मुळीच तयारी नसताना पतीने धर्म बदलला होता. लहानग्या दत्तूला घेऊन ती माऊली कित्येक वर्षे नातेवाइकांच्या आश्रयाने राहिली. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, हे दुःख त्या काळच्या ब्राह्मण घरात काय असेल, याची कल्पना आपल्या आजी-पणजीच्या पिढीतील स्त्रियाच करू शकल्या असत्या. एकाचा प्रकाश दुसऱ्याच्या घरात अंधार होऊन शिरतो, हे धर्मांतराच्या इतिहासातले कटू सत्य आपण झाकून ठेवू नये.

पुढे लक्ष्मीबाई पतीकडे अहमदनगरला आल्या, त्या मनाने ख्रिस्ती होऊन नव्हे. त्या आपले सोवळे घेऊनच आल्या. टिळकांनी त्यांना तसे राहू दिले. या संसारातील माझ्या मते सर्वांत मोठी उपासना ती हीच. जो माणूस हजारोंना प्रवचने देत होता, त्याने स्वतःच्या घरात उपदेशाचा हट्ट धरला नाही, वाट पाहिली. लक्ष्मीबाईंना हळूहळू, स्वतःच्या विचाराने, कळून आले की माणूस देवाने घडवला आणि जात माणसाने. मग सोवळे आपोआप गळून पडले आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना वादात कोणी हरवले नव्हते. म्हणूनच तो विश्वास अखेरपर्यंत टिकला.

त्यानंतरचे त्यांचे घर म्हणजे धर्मशाळाच होती. टिळक शिकवीत, लिहीत, १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन करीत. पैसा हातात टिकत नसे, पाहुणा मात्र टिकत असे. बालकवी ठोमरे हे तरुण कवी याच घरात मुलासारखे राहिले. ते अखेरपर्यंत हिंदूच होते. त्यांच्या काव्याला येथे मार्गदर्शन मिळाले, लक्ष्मीबाईंच्या हातचे जेवण मिळाले. त्याबदल्यात त्यांच्या श्रद्धेची मागणी झाली नाही. विद्या, अन्न आणि धर्म यांचा असा निर्मळ संबंध आपल्या घरांत आणि शाळांत किती ठिकाणी दिसतो?

टिळकांनी १९०९ साली 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले. ९ मे १९१९ रोजी ते वारले तेव्हा दहा-अकरा अध्यायच झाले होते. विद्वान कवीचे अपुरे काम पुरे करण्यास कोणी विद्वान पुढे आला नाही. पुढे आली ती शाळेत न गेलेली विधवा. वसतिगृहातील मुलींची देखभाल, नंतर कराचीत मुलाचा संसार, नातवंडे, दुखणी-खुपणी, हे सारे सांभाळीत लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय रचले. १६१६ साली फादर स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' छापून मराठी ओवी ख्रिस्तचरणी वाहिली, ती विद्वान येशूसंघीयाची सेवा होती. तीनशे वर्षांनी तीच ओवी एका गृहिणीच्या मुखी आली. १९३४ पासून त्यांची 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली आणि घरगुती बोलीत लिहिलेले ते आत्मचरित्र मराठीतील श्रेष्ठ ग्रंथांत गणले गेले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या प्रभूघरी गेल्या.

'वेळच उरत नाही' या खंतीचे उत्तर येथे आहे. लक्ष्मीबाईंनाही वेळ कधी उरला नव्हता. त्यांनी उरलेला वेळ देवाला दिला नाही. जो वेळ चुलीला, मुलांना, आजाऱ्याला दिला, तोच देवाचा मानला. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत आपल्या तालुक्यातील ज्यांनी शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या आईला आधी बाहेर काढले आणि स्वतःचे सामान मागून हलविले, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. श्रद्धा आणि दैनंदिन जीवन यांची फारकत ही आपल्या युगाची गंभीर चूक होय, असे व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली बजावले आहे.

दुसऱ्या खंतीचे उत्तर अधिक कठीण आहे, कारण ते धीर मागते. कुटुंबाला परिषदेने घरातील ख्रिस्तसभा म्हटले. त्याच परिषदेने असेही सांगितले की श्रद्धेच्या बाबतीत कोणावर बळजबरी होऊ नये. या दोन्ही गोष्टी एकाच घरात पाळायच्या आहेत. मिस्साला न येणाऱ्या मुलासाठी आईने जपमाळ जरूर करावी. पण त्याच्या ताटातले वाढणे कमी करू नये. सुनेच्या मनाची घाई करू नये. आपल्या वागण्यात तिला ख्रिस्त दिसला, तर तिच्या प्रश्नांना वाट मिळेल. न दिसला, तर आपल्या उपदेशाने तो दिसणार नाही. टिळकांच्या घरात पाच वर्षे लागली. आपल्या घरात अधिक लागतील. तोवर दिवा लावून ठेवणे एवढेच आपले काम आहे.