डी-स्टार रिपीटर जाळे

हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, आपापल्या भागात उभारलेल्या आणि इंटरनेटद्वारे एकमेकांना जोडलेल्या डिजिटल रिपीटरांचे जाळे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये सरकारी अर्थसाहाय्याने यासंबंधीचे संशोधन सुरू झाले. जपान अमॅच्युअर रेडिओ लीग या राष्ट्रीय संघटनेने २००१ मध्ये या पद्धतीचे मानक प्रसिद्ध केले. ओसाका येथील आयकॉम कंपनीने त्यावर चालणारे संच आणि रिपीटर बाजारात आणले. पुढे केनवुडनेही आपल्या काही संचांत ही सोय दिली. हौशी रेडिओसाठीच आखलेली ही डिजिटल पद्धत आहे आणि रिपीटरांची उभारणी व देखभाल मुख्यतः स्थानिक क्लब किंवा चार-दोन जाणकार विनामोबदला करतात.

रिपीटरचे कार्य : हातातल्या संचाची शक्ती साधारण ५ वॅट असते. १४४ आणि ४३० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. त्यामुळे टेकडी किंवा इमारत आड आली की संपर्क तुटतो. उंचावरचा रिपीटर एका वारंवारितेवर संदेश ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारितेवर जास्त शक्तीने पुन्हा प्रसारित करतो. रेडिओ-क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये काढायचे असेल, तर अँटेनाच्या मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणतात. भोवतालच्या सपाटीपासून ४०० मीटर उंच असलेल्या अँटेनाचे क्षितिज सुमारे ८२ किलोमीटर भरते. तेच जमिनीवर उभ्या माणसाच्या हातातील संचाचे जेमतेम ५ किलोमीटर असते. वाटेत अडथळा नसेल, तर या दोन अंतरांची बेरीज ही संपर्काची सैद्धांतिक मर्यादा होय. म्हणून रिपीटरच्या बाबतीत शक्ती वाढवण्यापेक्षा योग्य जागा मिळवणे अधिक मोलाचे ठरते.

आवाजाचे डिजिटल रूप : संचातील एएमबीई व्होकोडर बोलण्याचे दर २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्यातील आवाजासाठी ४८ बिट आणि चुका दुरुस्त करण्यासाठी २४ बिट लागतात. त्यांच्या जोडीला २४ बिट माहिती जाते. असे ९६ बिट सेकंदाला ५० वेळा पाठवले जात असल्याने एकूण वेग सेकंदाला ४,८०० बिट होतो. जीएमएसके मॉड्युलेशनमुळे हा संदेश सुमारे ६ किलोहर्ट्झ रुंदीत मावतो; नेहमीच्या एफएम आवाजाला साधारण १६ किलोहर्ट्झ लागतात. माहितीच्या भागातून २० अक्षरांचा छोटा मजकूर किंवा जीपीएसवरून मिळालेले ठिकाण आवाजासोबतच पाठवता येते. दर ४२० मिलिसेकंदांनी एक जुळणीखूण येते. संदेशाचा आरंभ हुकलेला संच या खुणेवरून मध्येच सूर धरू शकतो.

संदेशाचा पत्ता : प्रत्येक संदेशाच्या आरंभी चार मुख्य रकाने असतात आणि प्रत्येकात आठ अक्षरे मावतात. मायकॉलमध्ये बोलणाऱ्याचे कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेले ओळखचिन्ह), युअरकॉलमध्ये ज्याला बोलवायचे त्याचे कॉलसाइन, आरपीटी१ मध्ये जवळचा रिपीटर आणि आरपीटी२ मध्ये संदेशाची पुढची वाट लिहितात. पाकिटावर पत्ता असतो तसा हा मजकूर संदेशासोबत प्रवास करतो. रिपीटरच्या कॉलसाइननंतर आठव्या जागी त्याचा पट्टा दाखवणारे अक्षर येते. जपानबाहेर १४४ मेगाहर्ट्झसाठी ‘सी’, ४३० च्या पट्ट्यासाठी ‘बी’ आणि १,२०० मेगाहर्ट्झसाठी ‘ए’ वापरतात. आरपीटी१ चुकला तर रिपीटर उघडतच नाही. आरपीटी२ मध्ये रिपीटरचे कॉलसाइन आणि आठव्या जागी ‘जी’ असेल, तर संदेश इंटरनेटशी जोडणाऱ्या गेटवेकडे जातो. रकाना कोरा ठेवल्यास बोलणे त्याच रिपीटरपुरते राहते. सर्वांना उद्देशून बोलायचे असल्यास युअरकॉलमध्ये ‘सीक्यूसीक्यूसीक्यू’ लिहितात. नव्या सदस्याच्या बहुतेक अडचणी या चार रकान्यांत सापडतात. त्यामुळे क्लबमध्ये पहिला धडा संच हातात देऊन हे रकाने भरण्याचा असावा.

गेटवे आणि रिफ्लेक्टर : रिपीटरशेजारचा लहान संगणक गेटवेचे काम करतो. जोडणीच्या दोन रीती आहेत. पहिलीत युअरकॉलमध्ये एखाद्या व्यक्तीचे कॉलसाइन लिहिले की, ती व्यक्ती शेवटची ज्या रिपीटरवर ऐकू आली तिथे गेटवे संदेश पोहोचवतो. समोरच्याने उत्तराची कळ दाबून आपल्या संचात परतीचा पत्ता भरला नाही, तर त्याचे उत्तर त्याच्या गावातच घुमत राहते. दुसऱ्या रीतीत अनेक रिपीटर रिफ्लेक्टर नावाच्या सर्व्हरला जोडले जातात आणि एकाचे बोलणे सर्वांना ऐकू जाते. युअरकॉलमध्ये ‘आरईएफ००१सीएल’ अशी आज्ञा भरून क्षणभर कळ दाबली की, रिपीटर रिफ्लेक्टर १ च्या ‘सी’ कक्षाला जोडला जातो. सात जागा कोऱ्या ठेवून आठवीत ‘यू’ लिहिल्यास जोडणी सुटते, ‘आय’ लिहिल्यास स्थिती कळते आणि ‘ई’ लिहिल्यास आपलाच आवाज परत ऐकता येतो. नव्या संचाची चाचणी या शेवटच्या आज्ञेने करावी. त्यासाठी चालू गप्पांत शिरण्याची गरज पडत नाही.

जागा आणि यंत्रसामग्री : रिपीटर एकाच वेळी ऐकतो आणि बोलतो, उभारणीतली खरी कसोटी इथेच लागते. प्रक्षेपक ५० वॅट शक्ती सोडत असताना शेजारच्या ग्राहीला ०.२ मायक्रोव्होल्टचा संदेश ऐकायचा असतो. या दोन शक्तींचे गुणोत्तर ६ वर १६ शून्ये इतके मोठे आहे. १४४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दोन वारंवारितांमधील फरक सहसा फक्त ६०० किलोहर्ट्झ असतो. दोन्हींना एकच अँटेना वापरता यावी म्हणून पोकळ धातूच्या नळकांड्यांचा डुप्लेक्सर बसवतात. तो प्रक्षेपकाचा उपद्रव साधारण ८० ते १०० डेसिबलनी कमी करतो. तो नीट जुळलेला आहे की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. ग्राहीला जेमतेम ऐकू येईल असा क्षीण डिजिटल संदेश द्यावा, त्यातील चुकीच्या बिटांचे प्रमाण मोजावे आणि मग प्रक्षेपक चालू करावा. चुका एकदम वाढल्या, तर डुप्लेक्सर, केबल किंवा जोडणी यांपैकी कुठेतरी दोष आहे. एफएममध्ये असा दोष खरखरीतून कानाला कळतो. डिजिटल आवाज मात्र शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकाएकी तुटक, यांत्रिक होऊन नाहीसा होतो. म्हणून ठरावीक काळाने मोजमाप घेऊन ते वहीत नोंदवावेच लागते. याशिवाय वीजरोधक भूयोजन, बॅटरी, पाणी न शिरणारी केबलजोडणी आणि जागामालकाशी लेखी करार हवा. करार एका व्यक्तीच्या नावे न ठेवता क्लबच्या नावे करणे श्रेयस्कर, कारण माणूस गाव सोडून गेला तरी रिपीटर चालू राहिला पाहिजे.

नोंदणी : गेटवेपलीकडे बोलू इच्छिणाऱ्याने एकाच गेटवेवर कॉलसाइन नोंदवायचे असते. व्यवस्थापक परवाना तपासून मंजुरी देतो आणि ही नोंद विश्वास-सर्व्हरमार्फत इतर गेटवेंना कळते. मूळ गेटवे प्रणालीत मंजुरीनंतर सदस्याला आपल्या नावापुढे एक ‘टर्मिनल’ जोडावे लागते आणि त्याच्या आद्याक्षराच्या चौकटीत फक्त एक कोरी जागा टाइप करावी लागते. ही कोरी जागा राहून गेली की नोंदणी पूर्ण झाल्यासारखी वाटते, पण संदेश गेटवे ओलांडत नाही. व्यवस्थापकाने अशा खाचाखोचांचे मराठी टिपण करून प्रत्येक नव्या सदस्याला दिल्यास दोघांचाही वेळ वाचतो.

बोलण्याची शिस्त : दोघे एकाच वेळी बोलले तर एफएममध्ये शिट्टीसारखा आवाज येऊन टक्कर लक्षात येते, डी-स्टारमध्ये नुसते निरर्थक तुकडे ऐकू येतात किंवा काहीच येत नाही. त्यामुळे प्रत्येक बोलण्यानंतर दोन-तीन सेकंद थांबणे आवश्यक असते. तेवढ्यात दूरच्या केंद्राला शिरता येते आणि कुणाला जोडणी सोडायची असल्यास आज्ञाही देता येते. दूरचा रिफ्लेक्टर जोडण्यापूर्वी स्थानिक रिपीटर मोकळा आहे याची खात्री करावी आणि काम झाल्यावर जोडणी सोडावी. रिपीटर दिवसभर परदेशी गप्पांनी भरलेला राहिला, तर गावातला नवशिका कळ दाबायला धजत नाही. कोणती जोडणी कायम ठेवायची आणि स्थानिक मेळाव्याची वेळ कोणती, हे सदस्यांनी मिळून ठरवावे. व्यापारी संदेश आणि सांकेतिक कुलूप घातलेले बोलणे हौशी सेवेत चालत नाही.

आपत्तीतील उपयोग : पूर किंवा वादळात इंटरनेट बंद पडले की गेटवेही बंद पडतो. अशा वेळी रिपीटर बॅटरीवर आणि स्थानिक स्वरूपात चालत राहिला, तरच त्याचा उपयोग होतो. डी-रॅट्ससारख्या संगणक-आज्ञावलीने औषधांची किंवा निवाऱ्यातील माणसांची यादी मजकूररूपात पाठवता येते. नावे आणि आकडे ऐकण्यातल्या चुका त्यामुळे टळतात. गेटवेची तार मुद्दाम काढून आणि विजेचा पुरवठा तोडून सराव घेणे हे जबाबदार क्लबचे लक्षण आहे.

इतर पद्धती : युरोपीय मानक संस्था एट्सीने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेले डीएमआर मानक मुळात व्यावसायिक वापरासाठी होते. त्यात १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच वाहिनीवर ३० मिलिसेकंदांचे दोन कप्पे आळीपाळीने येतात, म्हणून एका रिपीटरवर दोन संभाषणे एकाच वेळी होतात. स्वस्त संचांमुळे आणि ब्रँडमायस्टरसारख्या सर्व्हर-जाळ्यामुळे ते हौशी मंडळींत झपाट्याने पसरले. यात कॉलसाइनला जोडलेला क्रमांक वापरतात. भारतातील क्रमांक ४०४ ने सुरू होतात. येसू कंपनीची सिस्टिम फ्यूजन ही पद्धत सीफोरएफएम मॉड्युलेशनवर आधारलेली आहे. जोनाथन नेलर यांच्या एमएमडीव्हीएम आज्ञावलीमुळे एकाच रिपीटरवर यांतील अनेक पद्धती चालवता येतात. डी-स्टारचे मानक खुले असले, तरी त्यातील व्होकोडर खासगी कंपनीचा आहे आणि स्वतः संच बांधणाऱ्याला तो आडवा येतो. पोलंडमधील हौशींनी सुरू केलेल्या एम१७ प्रकल्पात त्याऐवजी कोडेक २ हा मुक्त व्होकोडर वापरला आहे.

भारतातील संदर्भ : भारतात हौशी केंद्राचा परवाना दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा देते. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्यांना त्यासाठीची परीक्षा देता येते. रिपीटरसाठी उपयुक्त असलेले १४४–१४६ आणि ४३४–४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे हौशींना खुले आहेत. महाराष्ट्रात सह्याद्रीची रांग कोकण आणि देश यांच्यामध्ये भिंतीसारखी उभी असल्याने पायथ्याच्या दोन केंद्रांना सरळ संपर्क कठीण जातो. घाटमाथ्यावरील एक चांगला रिपीटर मात्र दोन्ही बाजूंना पोहोचू शकतो. अशा ठिकाणी नवे जाळे उभारताना आधी एक रिपीटर आपल्या तालुक्यात खात्रीने ऐकू येईल असा करावा, तो सांभाळणारी किमान तीन माणसे तयार करावीत आणि त्यानंतरच गेटवे जोडावा. पायाचा रिपीटर पक्का असेल, तर गेटवेची पद्धत पुढे कितीही वेळा बदलता येते.