कानेटकर, वसंत शंकर
(२० मार्च १९२० – ३० जानेवारी २०००). मराठी नाटककार व कादंबरीकार. जन्म रहिमतपूर (जि. सातारा) येथे, कवी गिरीश यांचे पुत्र (पहा : रविकिरण मंडळ). नाशिकला प्राध्यापक. आरंभीचे लेखन कादंबरीचे : ‘घर’, ‘पंख’. ‘वेड्याचं घर उन्हात’ (१९५७) या नाटकापासून ते रंगभूमीकडे वळले. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) मध्ये शिवाजी-संभाजी यांच्यातील पितापुत्र-संघर्ष केंद्रस्थानी आहे. रणांगणापेक्षा घरातली घुसमट त्यात प्रभावी ठरते. चरित्राला नाट्यरूप देणे हे त्यांचे खास सामर्थ्य. ‘हिमालयाची सावली’ (१९७२) महर्षी कर्वे यांच्या जीवनावर आधारित असले, तरी समाजकार्याची झळ सोसणारी पत्नी बयो हीच त्यातील ठसठशीत व्यक्तिरेखा (पहा : कर्वे, धोंडो केशव). पद्मश्री १९९२.