म्हातारचळ की औषध?

कंपवाताच्या इतिहासातील एका उपेक्षित बाजूकडे मी आज आपले लक्ष वेधू इच्छितो. १८१७ साली लंडनचे जेम्स पार्किन्सन यांनी या व्याधीवर निबंध लिहिला, तेव्हा रोग्याची बुद्धी शाबूत राहते असे त्यांनी नमूद केले होते. या मताचा पगडा दीर्घकाळ टिकला. थरथरते ते शरीर. मन त्यापासून अलिप्त, अशी ती समजूत.

तिला तडा जाण्यात औषधांचा मोठा हात होता, आणि त्यात आपल्या सर्पगंधेचाही वाटा आहे. १९४९ साली मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचे अनुभव एका ब्रिटिश नियतकालिकात मांडले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे करण्यात आले. ते घेणाऱ्यांपैकी काहींना खिन्नतेने ग्रासल्याच्या, तर काहींच्या हालचाली कंपवातासारख्या मंदावल्याच्या नोंदी होऊ लागल्या. १९५७ साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रिसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना डोपा टोचले, आणि ससे पुन्हा हिंडू लागले. (जी खाजकुइली अंगाला लागून आपण शाळकरी वयात उड्या मारल्या, तिच्या बियांतून हाच डोपा १९३७ साली मद्रासमध्ये वेगळा काढण्यात आला होता.)

१९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी मोठ्या मात्रेत डोपा देऊन कंपवाताच्या रुग्णांच्या हालचाली मोकळ्या केल्या. १९६९ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ऑलिव्हर सॅक्स यांनी मेंदूज्वराच्या जुन्या साथीतून वाचलेल्या, दशकानुदशके जखडून पडलेल्या रुग्णांना तेच औषध दिले. ते जागे झाले, बोलू लागले. पण थोड्याच काळात कित्येकांना भास, उन्माद आणि अनावर वासनांनी घेरले. मला या इतिहासातील हाच भाग सर्वांत अस्वस्थ करतो.

पुढे डोपामिनची नक्कल करणारी औषधे आली. प्रॅमिपेक्सोलसारख्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांना जुगाराचा नाद जडल्याच्या नोंदी २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाल्या. हालचालीला चालना देणारे डोपामिनच इच्छेलाही चालना देते, हे त्यामागचे कारण.

आपल्या घरांत मात्र अशा वागण्याला ‘म्हातारचळ’ म्हणून मोकळे होतात. लाजेपायी ते डॉक्टरांच्या कानी घातले जात नाही. वास्तविक डॉक्टरांनी मात्रा उतरवली की हा नाद पुष्कळदा ओसरतो. घरच्यांनी मात्र परस्पर गोळ्या एकाएकी बंद केल्या, तर तीव्र ताप चढून शरीर ताठरते आणि प्रसंगी प्राणावर बेतते.