डॉ. आंबेडकरांची १९३७ ची निवडणूक व खोतीचें विधेयक

विधिमंडळाच्या सभासदाची योग्यता त्यास पडलेल्या मतांवरून ठरवावी, कीं निवडून आल्यावर त्यानें केलेल्या कामावरून? आमच्या मतें दुसरी कसोटीच खरी. तीस डॉ. भीमराव आंबेडकरांचें उदाहरण लावून पाहूं.

१९३५ च्या कायद्यान्वयें होणाऱ्या निवडणुका समोर ठेवून त्यांनीं आगस्ट १९३६ मध्यें स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला, व मुंबईच्या भायखळा-परळ मतदारसंघांतील राखीव जागेसाठीं ते स्वतः उभे राहिले. काँग्रेसनें त्यांच्याविरुद्ध विख्यात क्रिकेटपटु पाळवणकर बाळू यांस उभें केलें. फेब्रुवारी १९३७ मध्यें डॉक्टरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मतें पडलीं.

मुंबई शहराच्या या प्रतिनिधीनें १७ सप्टेंबर १९३७ रोजीं कोंकणांतील खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें, हें प्रथमदर्शनीं विसंगत वाटतें. परंतु परळच्या चाळींतील पुष्कळ गिरणीकामगार मूळचे रत्नागिरी जिल्ह्यांतलेच होते. सरकार व कुळें यांच्यामध्यें असलेल्या खोताचा जाच त्यांच्या घरचाच होता.

विधेयकाच्या पाठिंब्यासाठीं १० जानेवारी १९३८ रोजीं शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलावर गेला. तथापि तें मंजूर झालें नाहीं. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ सालीं झाला, तेव्हां डॉक्टर दिल्लीस कायदेमंत्री होते. २,०२० मताधिक्यापेक्षां हें अपुरें राहिलेलें विधेयकच त्यांच्या सभासदत्वाची खरी साक्ष होय, असें आम्ही समजतों.