कुत्र्याचे औषध मांजराच्या जिवावर
पिसवांच्या औषधांमुळे होणाऱ्या विषबाधेविषयी

पालघर, प्रतिनिधी - पावसाळ्यातील दमट हवा पिसवांच्या वाढीस पोषक ठरते. सातपाटी, मुरबे यांसारख्या मासेमारीच्या गावांत जाळी आणि सुकट उंदरांपासून राखणारे मांजर असो, की बोईसरच्या एखाद्या सदनिकेत लाडाने वाढवलेले असो. पावसात दोघांचेही खाजवणे सुरू होते. मग घरात जे औषध हाताशी असेल ते मांजराला लावले जाते. कधी ते शेजारच्या कुत्र्यासाठी आणलेले असते, कधी गोठ्यातील म्हशींच्या गोचिडांसाठी, तर कधी घरातील कोणाला खरूज झाली म्हणून आणलेले मलम असते. धोक्याचा उगम बहुतेक वेळा येथेच असतो.

या तिन्ही ठिकाणी आढळणारे रसायनांचे एक कुटुंब म्हणजे पायरेथ्रॉइड. शेवंतीच्या कुळातील एका फुलापासून मिळणाऱ्या पायरेथ्रम या कीटकनाशकाच्या धर्तीवर ही रसायने कृत्रिमरीत्या तयार करण्यात आली. त्यांपैकी परमेथ्रिन ब्रिटनमधील रॉथमस्टेड संशोधन केंद्रात मायकेल इलियट यांच्या गटाने १९७३ साली तयार केले. सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन ही त्याचीच भावंडे असून गुरांच्या गोचिडांवर ती सर्रास वापरली जातात. माणूस, कुत्रा, गाय यांच्या शरीरात या द्रव्यांचे लवकर विघटन होते. मांजराचे तसे नाही. विषारी द्रव्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून ते शरीराबाहेर टाकण्याची यकृताची जी यंत्रणा असते, ती मांजरात अत्यंत दुबळी आहे. द्रव्य शरीरात साठून राहते, मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग उघडेच राहतात आणि स्नायूंना मिळणारे संदेश थांबत नाहीत. परिणामी मांजर थरथरू लागते.

तीव्रतेचा हिशेब तारापूर औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना नव्याने समजावण्याची गरज नसावी. कुत्र्यांच्या मानेवर टाकावयाच्या काही औषधांत परमेथ्रिनचे प्रमाण ४५ ते ६५ टक्के इतके असते. साडेचार किलो वजनाच्या मांजरावर ४५ टक्के तीव्रतेचे केवळ १ मिलिलिटर औषध पडले, तरी किलोमागे १०० मिलिग्रॅम मात्रा होते आणि ती जीवघेणी ठरू शकते. ‘कुत्र्याला पूर्ण, मांजराला अर्धे’ हा घरगुती ठोकताळा म्हणूनच घातक आहे. औषध लावलेल्या कुत्र्याच्या कुशीत झोपणारे किंवा त्याला चाटणारे मांजरही बाधित होऊ शकते.

ब्रिटनमधील पशुविषबाधा माहिती सेवेकडे आलेल्या अशा २८६ प्रकरणांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे दहांपैकी एक मांजर दगावले होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे २००८ या एका वर्षात कुत्र्या-मांजरांवरील पिसवा-गोचिडांच्या औषधांबाबत ४४ हजारांहून अधिक तक्रारी आल्या. त्यानंतरच्या तपासणीत कुत्र्याचे औषध मांजरावर वापरल्याचे प्रकार ठळकपणे पुढे आले.

लक्षणे कशी ओळखावीत?

बहुधा काही तासांत, क्वचित एक-दोन दिवसांनी लक्षणे दिसतात. प्रथम कान फडफडतात, पाठीची कातडी थरकते, पंजे झटकले जातात, लाळ गळते. मांजर आवाजाने व स्पर्शाने दचकते. पुढे चाल अडखळते, सर्वांगाला कंप सुटतो, झटके येतात आणि सततच्या स्नायूकंपाने ताप चढतो. हा ताप पाहून पॅरासिटामॉल देण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण यकृताच्या त्याच उणिवेमुळे पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

परमेथ्रिनवर उतारा नाही. उपचार असतात ते झटके आवरण्याचे व शरीर सावरण्याचे. पशुवैद्यक त्यासाठी मेथोकार्बामॉल, डायझेपाम यांसारखी औषधे आणि शिरेवाटे द्रव देतात. अलीकडे स्निग्ध द्रावण शिरेवाटे देण्याचाही उपयोग होतो. वेळेवर उपचार मिळालेली बहुसंख्य मांजरे दोन-तीन दिवसांत सावरतात.

परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटीट पशुरुग्णालय व मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय बोईसरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहेत. आचके देणारे मांजर थेट इतक्या लांब नेण्याआधी जवळचा पशुवैद्यक गाठून झटके थांबवणे श्रेयस्कर. मांजर शुद्धीवर असून झटके येत नसतील, तर निघण्यापूर्वी अंगावरील औषध कोमट पाणी आणि भांडी घासण्याच्या द्रवरूप साबणाने धुऊन काढावे. गरम पाण्याने त्वचेतील रक्तप्रवाह वाढतो व गार पाण्याने अंग थंड पडते, म्हणून पाणी कोमटच हवे. नंतर अंग पुसून मांजराला टॉवेलात गुंडाळावे. विषावर दूध पाजण्याची आपल्याकडील जुनी समजूत येथे धोक्याची आहे. कंप सुटलेल्या मांजराच्या तोंडात काहीही ओतल्यास ते श्वासनलिकेत जाते. औषधाची बाटली किंवा वेष्टन मात्र सोबत न्यावे, कारण उपचार त्यावरील नावानुसार बदलतात.

उदाहरणार्थ, गोचिडांवर वापरले जाणारे अमिट्राझ अंगी लागल्यास मांजर थरथरण्याऐवजी गुंगते, नाडी मंदावते, अंग गार पडते. मॅलेथिऑनसारख्या फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाने लाळ, जुलाब, बारीक झालेल्या बाहुल्या व धाप अशी लक्षणे दिसतात आणि तेथे अॅट्रोपिन लागते. रॉकेल आणि डांबरगोळ्या हे तर उपायच नव्हेत. टी-ट्री तेलासारखी सुगंधी तेलेही मांजराला बाधतात. ‘वनस्पतिजन्य’ हा शब्द पाहून निर्धास्त होणारे ग्राहक पायरेथ्रमचे मूळ एका फुलात आहे हे विसरतात.

मांजरांसाठीच बनवलेल्या औषधांत फिप्रोनिल, सेलामेक्टिन, इमिडाक्लोप्रिड ही नावे आढळतात. वजन व वय पाहून दिल्यास ती सामान्यतः सुरक्षित आहेत. औषध चाटल्याने थोडा वेळ फेस येणे किंवा लावलेल्या जागी केस जाणे असे किरकोळ त्रास होतात. आयसॉक्साझोलिन या नव्या गटाबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली कंप व झटक्यांच्या शक्यतेचा इशारा दिला, मात्र बहुतांश प्राण्यांसाठी ही औषधे सुरक्षित असल्याचेही नमूद केले. पूर्वी झटके आलेल्या मांजराबाबत पशुवैद्यकाला तसे आधी सांगावे. अगदी लहान पिल्लांसाठी बारीक दातांची फणी आणि साबणाचे पाणी हाच सर्वांत निर्धोक मार्ग होय.

औषध लावल्यावर आठ-पंधरा दिवसांत पुन्हा पिसवा दिसल्या, की ‘औषध लागू पडले नाही’ असे समजून दुसरी मात्रा दिली जाते. वास्तविक पिसवांची अंडी मांजराच्या अंगावरून जमिनीवर पडतात आणि कोश फरशीच्या भेगांत, गोधडीत, चटईखाली कित्येक आठवडे टिकून राहतात. नव्या पिसवा तेथून येतात. अशा वेळी अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे, कोपरे झाडून काढावेत आणि पुढची मात्रा वेष्टनावर सांगितलेल्या मुदतीनंतरच द्यावी.